विद्यापीठाचा खेळाडू : नाव आणि मान्यता

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कोळवण, ता. मुळशी येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी ‘विद्यार्थी आणि खेळ’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. हा विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर मोघम बोलणे सोपे असते. व्यायामाने शरीर सुदृढ होते, सुदृढ शरीरात मन प्रसन्न राहते, हे आपण सर्वजण जाणता. ते पुन्हा सांगण्यासाठी या भातखाचरांच्या खोऱ्यात आपणांस भर उन्हात बसवून ठेवण्याचे प्रयोजन नाही. म्हणून मी विषयाचा एक लहानसा कोपरा निवडला आहे. आपला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाऊन मैदानावर उतरते, तेव्हा ती कोणाच्या नावाने खेळते, आणि तिच्या खेळाला मान्यता कोण देतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला का सुचला, तेही सांगतो. आपल्या गुणगौरव समारंभाच्या यादीत गुणांची टक्केवारी दशांशापर्यंत छापलेली असते. खेळाडूंच्या नावापुढे मात्र ‘राष्ट्रीय स्पर्धेत सहभाग’ एवढे तीन शब्द असतात. स्पर्धा कोणती, ती कोणत्या संस्थेने भरविली, संघ कोणाचा, याचा उल्लेख नसतो. परीक्षेच्या बाबतीत ‘कुठल्याशा मंडळाची परीक्षा उत्तीर्ण’ असे आपण कधी लिहू का? मग खेळाच्या बाबतीत एवढे सैल का राहतो? ज्या कागदावर पुढे एखाद्या घराची चूल पेटावयाची असते, तो कागद नीट वाचण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही, हेच त्याचे कारण होय.

मुळशी तालुक्याला कुस्ती शिकवावी लागत नाही. जत्रेतल्या आखाड्यात नारळावरची कुस्ती असो की शेवटची मोठ्या इनामाची, जो चीतपट करतो त्याला साऱ्या गावाची मान्यता तत्क्षणी मिळते. तेथे प्रमाणपत्र लागत नाही, कारण पाहणारे डोळे हेच प्रमाण. पण गावाच्या वेशीबाहेर पडले की ते डोळे सोबत येत नाहीत. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने आपली कुस्ती पाहिलेली नसते. त्याच्यापुढे दोनच गोष्टी असतात : संघाचे नाव आणि स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेची मान्यता. या दोहोंची आता क्रमाने ओळख करून घेऊ.

प्रथम नाव. कोळवणची एखादी मुलगी पिरंगुटच्या किंवा कोथरूडच्या महाविद्यालयात शिकते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत ती त्या महाविद्यालयाच्या नावाने खेळते. तेथून निवड होऊन ती आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते, तेव्हा महाविद्यालयाचे नाव मागे राहते आणि तिच्या छातीवर विद्यापीठाचे नाव येते. राष्ट्रीय पातळीवर महाविद्यालय हा घटकच नाही, विद्यापीठ हाच घटक आहे. सांघिक खेळांत प्रथम पश्चिम, दक्षिण, उत्तर, पूर्व अशा विभागांच्या स्पर्धा होतात, आणि विभागात वरचे स्थान मिळविणारे संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. तेथपर्यंत पोहोचणारी मुलगी शेकडो महाविद्यालयांची प्रतिनिधी असते.

येथे एक बारकावा पालकांनी ध्यानात ठेवावा. महाविद्यालय ‘स्वायत्त’ झाले म्हणजे ते विद्यापीठ होत नाही. त्याचे विद्यार्थी ज्या विद्यापीठाशी ते संलग्न असेल त्याच्याच संघातून खेळतात. अभिमत विद्यापीठ किंवा खासगी विद्यापीठ यांचा मात्र स्वतंत्र संघ असतो. आपल्याच तालुक्यात लवळे येथे अशी विद्यापीठे उभी राहिली आहेत. पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले, म्हणजे मैदान तेच राहून छातीवरचे नाव बदलले. प्रवेश घेताना आपण शुल्क विचारतो, वसतिगृह विचारतो. खेळाडू मुलाच्या बापाने ‘येथून माझा मुलगा कोणाच्या नावाने खेळेल?’ हेही विचारावयास हवे.

विद्यापीठांच्या नावांनाही इतिहास आहे. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. आरंभी पश्चिम महाराष्ट्रातील बारा जिल्हे त्याच्या कक्षेत होते. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ निघाले आणि दक्षिणेकडील जिल्हे वेगळे झाले. १९९० साली जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि जळगाव-धुळे वेगळे झाले. एका हंगामापर्यंत जे एका संघात खांद्याला खांदा लावून खेळत होते, त्यांच्या धाकट्या भावांनी पुढच्या हंगामात एकमेकांविरुद्ध चढाया केल्या. आज पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे तीन जिल्हे आपल्या विद्यापीठाकडे आहेत, आणि २०१४ पासून त्याचे नाव ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे आहे. वडिलांच्या प्रमाणपत्रावर ‘पुणे विद्यापीठ’ आणि मुलीच्या प्रमाणपत्रावर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असले, तरी ती एकच संस्था होय.

नाव बदलणे ही केवळ पाटी रंगविण्याची गोष्ट नसते. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, आणि ते नाव प्रत्यक्षात आले १९९४ च्या जानेवारीत. मधल्या पंधरा-साडेपंधरा वर्षांत त्या नावापायी घरे जळाली, माणसे प्राणांस मुकली. म्हणून एखादा कबड्डीपटू ते नाव छातीवर लावून मैदानात उतरतो, तेव्हा त्या कापडावरील अक्षरांचे मोल शिंप्याच्या मजुरीवरून करू नये. आणि ज्या मातेने पुण्यात मुलींना शिकविताना लोकांच्या शेणमातीचा मारा सोसला, तिचे नाव लावून आपल्या खोऱ्यातील मुलगी परप्रांतात धावते, तेव्हा ते नाव तिला शोभते आणि तीही त्या नावाला शोभते.

नावातील एका अक्षरानेही किती घोटाळा होतो, याचे एक मनोरंजक उदाहरण आहे. २०२० साली भुवनेश्वर येथे ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा पहिल्यांदाच भरल्या. तेथे पहिला क्रमांक चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाचा आणि तिसरा पटियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचा आला. या दोहोंहून निराळे ‘चंडीगढ विद्यापीठ’ नावाचे एक खासगी विद्यापीठ मोहाली जिल्ह्यात आहे. २०२४ चा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक त्याने मिळविला. तीन संस्था, तीन नावे, आणि वर्तमानपत्राच्या घाईत तिघींची सरमिसळ! भुवनेश्वरच्या त्या स्पर्धेत दुसरा क्रमांक कोणाचा होता? आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा. पंजाब विद्यापीठाची सुवर्णपदके १७ आणि आपलीही १७. रौप्यपदके त्यांची अधिक, म्हणून ते पहिले. ही गोष्ट आपल्यापैकी किती घरांत पोहोचली, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आपण ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर आहोत, म्हणून खेळातील नावाचा आणखी एक अध्याय टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. एके काळी मुंबईत क्रिकेटचे सर्वांत मोठे सामने धर्माच्या नावाने होत. १९०७ साली तिरंगी, १९१२ साली चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी, असा त्यांचा विस्तार झाला. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि ‘इतर’ अशी संघांची नावे! हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू नावाचा असामान्य गोलंदाज होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तो चर्मकार समाजातला. मैदानावर त्याच्या हाताने टाकलेला चेंडू साऱ्यांना चालत असे, परंतु चहाच्या वेळी त्याचे भांडे वेगळे असे. संघाच्या नावाने त्याला आत घेतले होते आणि जातीच्या नावाने बाहेर बसविले होते. बाळूला त्या संघाचे कर्णधारपद अखेरपर्यंत मिळाले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ साली मिळाले.

१९३५ साली आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे. येथे संघाचे नाव धर्माचे नव्हते, विद्यापीठाचे होते. मुंबई विद्यापीठाच्या संघात पारशी, मुसलमान, हिंदू तरुण एकाच नावाखाली खेळू शकत होते. पंचरंगी सामने १९४६ साली इतिहासजमा झाले. विद्यापीठांचा करंडक मात्र टिकला, आणि पुढे त्यातूनच सुनील गावसकरांसारखे खेळाडू देशाला मिळाले. आपण ज्ञातीच्या नावाने एकत्र येतो ते परस्परांच्या साहाय्यासाठी. पण आपल्या मुलाने मैदानावर कोणते नाव लावावे, याचे उत्तर या इतिहासाने देऊन ठेवले आहे. जे नाव सर्वांना आत घेते तेच नाव छातीवर असावे.

आता मान्यता. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांचे सूत्र भारतीय विद्यापीठ संघाकडे आहे. या संस्थेचा जन्म १९२५ साली ‘आंतरविद्यापीठ मंडळ’ या नावाने झाला आणि सध्याचे नाव तिने १९७३ साली घेतले. जगातील विद्यापीठांच्या क्रीडासंस्थांचा महासंघ १९४९ पासून आहे. जागतिक विद्यापीठ स्पर्धांना जाणारा भारतीय संघ या विद्यापीठ संघामार्फत जातो. म्हणजे महाविद्यालय, विद्यापीठ, विद्यापीठ संघ आणि जागतिक महासंघ अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडी वरच्या कडीने मान्य केलेली असते, आणि मधली एक कडी नसेल तर खालची मेहनत वर पोहोचत नाही.

या साखळीचे व्यवहारातील मोल काय? ४ ऑगस्ट १९८० रोजी केंद्र सरकारने एक परिपत्रक काढून गुणवान खेळाडूंना कनिष्ठ श्रेणीच्या नोकऱ्यांत सवलतीने घेण्याची व्यवस्था केली. त्यात चार प्रकारची प्रमाणपत्रे सांगितली आहेत. पहिले राष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या चिटणिसाचे, दुसरे राज्य संघटनेच्या चिटणिसाचे, तिसरे विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखाचे आणि चौथे शालेय स्पर्धांसाठी शिक्षण खात्यातील अधिकाऱ्याचे. तिसऱ्या प्रकारासाठी अट अशी की, खेळाडूने आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळाने भरविलेल्या स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले असावे. गंमत पाहा, मंडळाचे नाव १९७३ सालीच बदलले होते, परंतु १९८० च्या परिपत्रकात जुनेच नाव राहिले. म्हणून प्रमाणपत्र घेताना केवळ नावाच्या तोंडवळ्यावर न जाता, ते कोणाच्या सहीचे आहे आणि कोणत्या नमुन्यात आहे, हे पाहणे अगत्याचे असते.

महाराष्ट्र शासनानेही २००५ च्या निर्णयाने खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखून ठेवल्या, आणि २०१६ साली त्याचे नियम सुधारले. क्रीडा प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. ही पडताळणी जाचक वाटते, पण ती अकारण आलेली नाही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीस आलेली आहेत. ‘अखिल भारतीय’, ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ ही विशेषणे कोणासही छापून घेता येतात. चार संघ जमवून, प्रवेशशुल्क घेऊन, सर्वांना पदके वाटणाऱ्या स्पर्धाही भरतात. त्यांत खेळण्याचा आनंद मिळत असेल, त्यास माझी हरकत नाही. परंतु शेतकऱ्याच्या घरातून भात विकून आलेले पैसे भरून मूल परराज्यात जाते, पदक घेऊन येते, गावात मिरवणूक निघते, आणि दोन वर्षांनी खात्याचा कारकून सांगतो की ही संस्था मान्यताप्राप्तांच्या यादीत नाही! त्या दिवशी त्या मुलाच्या मनाचे काय होत असेल? मेहनत खरी, घाम खरा, आणि कागद मात्र खोटा.

मान्यता देणाऱ्यांतच दुही झाली तर काय होते, हे कुस्तीने आपल्याला दाखविले आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ हे मुळशीचे सुपुत्र. ‘महाराष्ट्र केसरी’ची पहिली गदा १९६१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, दिनकर दह्यारी यांनी मिळविली. त्याच किताबाच्या २०२३ च्या नोव्हेंबरात दोन वेगळ्या संघटनांनी दोन स्पर्धा भरविल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख ‘महाराष्ट्र केसरी’ झाला आणि धाराशिवला शिवराज राक्षे ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. दोघेही तालेवार मल्ल. दोष त्यांचा नव्हे. पण एका महिन्यात एका किताबाचे दोन धनी झाले आणि लोकांनी विचारले, ‘खरा कोणता?’ मल्लाच्या पाठीला माती लागली नाही, ती किताबाला लागली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या निवडणुका वेळेत न झाल्याने जागतिक कुस्ती संघटनेने त्याला निलंबित केले. परिणामी सप्टेंबरात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल भारताच्या नावाने उतरू शकले नाहीत. अंतिम पंघाल या तरुण मुलीने तेथे कांस्यपदक जिंकले, ते तटस्थ खेळाडू म्हणून. पदक तिचे होते, पण छातीवर देशाचे नाव नव्हते. निलंबन पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत उठले, पण तो क्षण परत येणार नव्हता. कचेरीतील कलहाची किंमत मैदानावर कोण मोजतो, हे यावरून कळेल.

परदेशातही हे प्रश्न आहेत. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था १९०६ साली निघाली. तेथील रांगड्या फुटबॉलमध्ये विद्यार्थी दगावू लागले, म्हणून ती काढावी लागली. तेथे प्रत्येक विद्यापीठाच्या संघास टोपणनाव असते, बहुधा पशुपक्ष्यांचे, आणि काही ठिकाणी तेथील मूळ रहिवासी जमातींचे. २००५ साली त्या संस्थेने अशा अवमानकारक नावांना व चिन्हांना आपल्या अजिंक्यपद स्पर्धांत मज्जाव केला. फ्लोरिडातील एका विद्यापीठास मात्र ‘सेमिनोल’ हे नाव ठेवता आले, कारण त्या जमातीने स्वतः संमती दिली. एखाद्या समाजाचे नाव वापरावयाचे तर त्या समाजास विचारावे, ही साधी गोष्ट एवढ्या प्रगत देशास उमगण्यास एक शतक लागले.

मान्यतेचा दुसरा, सुखद पैलूही सांगतो. आपण लहानपणी हुतूतू म्हणत होतो तो खेळ दक्षिणेत चेडुगुडु आणि बंगालात हाडुडू होता. जितके प्रांत तितकी नावे आणि तितके नियम. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला त्याची प्रात्यक्षिके केली, तरी देशात त्याला एक रूप नव्हते. ‘कबड्डी’ हे एक नाव आणि एक नियमावली स्थिरावली, १९६१ साली विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने तिला आपल्या खेळांत स्थान दिले, आणि १९९० साली ती बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोहोचली. शेताच्या बांधावरचा खेळ विद्यापीठाच्या दारातून जगात गेला. मान्यता म्हणजे केवळ अडवणूक नव्हे. ती योग्य हातांत असेल तर ती वाट मोकळी करते.

आता थोडे कर्तव्याविषयी. पालकांस माझी विनंती अशी : मुलाने कोणत्याही स्पर्धेस जाण्यापूर्वी महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांस विचारावे की ही स्पर्धा कोणाची, आणि ती कोणत्या यादीत आहे. प्रमाणपत्रावर खेळाडूचे नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, विद्यापीठाचे नाव पूर्ण आहे ना, स्पर्धेचे स्थळ, तारीख व प्राप्त क्रमांक लिहिला आहे ना, हे हाती पडताच पाहावे. चूक दुरुस्त करण्याचा काळ तोच असतो. पाच वर्षांनी सही करणारा अधिकारी बदललेला असतो आणि नोंदवही सापडत नाही. पदक भिंतीवर लावावे, पण कागद पेटीत जपून ठेवावा.

मंडळास माझी सूचना अशी : पुढील वर्षापासून गुणगौरवाच्या अर्जात खेळाडूंसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. खेळ, संघाचे नाव, स्पर्धा भरविणारी संस्था, पातळी आणि क्रमांक असे पाच रकाने पुरेत. त्याने दोन गोष्टी साधतील. ज्याची कामगिरी मोठी आहे तिचा यथार्थ सन्मान होईल, आणि अर्ज भरता भरता पालकच त्या कागदाकडे डोळसपणे पाहू लागतील. शिष्यवृत्तीच्या निधीतील थोडा भाग प्रवासखर्चासाठी आणि बुटांसाठी ठेवावा. पहाटे कोळवणहून निघून पुण्यात सरावास पोहोचणाऱ्या मुलीला संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की काय होते, हे शहरातील क्रीडांगणावर बसून कळत नाही. अशा मुलींसाठी पुण्यातील ज्ञातिबांधवांनी आपल्या घरी रात्रीच्या मुक्कामाची सोय केली, तर ते दान निधीतील देणगीहून मोठे ठरेल.

नाव आणि मान्यता या दोन्ही गोष्टी दुसऱ्यांनी द्यावयाच्या असतात. मेहनत तेवढी आपली असते. ती मेहनत आपली मुले करीत आहेत. या खोऱ्यातील चढांवर ती पहाटे धावताना दिसतात. त्यांच्या घामाला योग्य नाव आणि खरा कागद मिळवून देणे हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि त्यासाठी पैशापेक्षा थोडी जागरूकताच अधिक लागते.